गावच्या चर्चची वही

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून केलेलं भाषण. बोलताना काही वाक्यं अर्धवट सुटली होती, ती इथे पुरी केली आहेत. बाकी फारसा बदल केलेला नाही.)



कार्यकारिणीने आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि आमच्यानंतर लगेच जेवण आहे. स्वयंपाकघरातून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे तुमचं लक्ष कुठे असणार याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे.

विषय पत्रकात आला आहेच. आज जमणाऱ्या रकमेतला चौथा हिस्सा एका चर्चच्या छपरासाठी द्यायचा, असा ठराव आहे. ज्या गावच्या हॉलमध्ये आपली शनिवारची मराठी शाळा भरते, त्याच गावचं हे चर्च. ठराव बैठकीत आला तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ काकांनी सरळ विचारलं, "आमच्या गावच्या मारुतीवर अजून पत्राच आहे. तो सोडून इंग्रजांच्या चर्चला पैसे कशाला? त्यांना काय कमी आहे?" बैठकीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग अध्यक्षांनी आमच्याकडे बघितलं, कारण ठराव आमचा होता, आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा मग सगळ्यांना."

काकांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. इतिहासाचा अभ्यास दहावीच्या पेपरबरोबर संपला. चर्च म्हटलं की आमच्याही डोक्यात आधी गोरा साहेब आणि मिशनरीच यायचे, हे कबूल करायला हवं. आम्ही या गावात राहायला आलो तेव्हा चर्च म्हणजे आमच्या दृष्टीने रविवारी सकाळी झोप मोडणाऱ्या घंटा होत्या, बस. मत बदललं ते हळूहळू, आणि त्याला कारण झाले आमचे बाबा.

आधी 'पॅरिश' म्हणजे काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. वसईकडची आपली मराठी ख्रिस्ती मंडळी पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द फार नेमका आहे, कारण पॅरिश म्हणजे इमारत नव्हे, सीमा आखलेला मुलूख. या ओढ्यापासून त्या टेकडीपर्यंत राहणारा प्रत्येक माणूस त्या चर्चच्या हिशेबात. तो देवळात येवो न येवो. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायची. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी इथे सुरू झाली १८३७ मध्ये. म्हणजे मधली तीनशे वर्षं सामान्य माणूस जन्मला आणि मेला याचा लेखी पुरावा बहुधा गावच्या चर्चच्या पेटीतच असायचा. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याने कुणी गडबड करायला नको. आमच्या व्यवसायात यालाच हल्ली मोठी नावं देऊन कोर्सेस विकतात.

आपल्याकडे नाशिकच्या, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, त्यांची आठवण होते. पण त्या वहीत यात्रेला गेलेल्याचं नाव लागतं. पॅरिशच्या वहीत गावातल्या भिकाऱ्याचंही लागतं.

शिवाय १६०१ च्या कायद्याने गावातले गरीब, म्हातारे, अनाथ यांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर टाकली. घराघरातून पट्टी गोळा करायची आणि गरजूंना वाटायची. यात प्रेमाचाच भाग होता असं समजू नका. परगावचा भिकारी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून त्याला सीमेपार हाकलायचे उद्योगही याच पॅरिशने केले. पण गावातल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न गावाने सोडवायचा, आणि तो सोडवायची जागा चर्च, ही सवय तिथून लागली.

आता बाबांकडे येतो. आमचे बाबा पुणे जिल्ह्यात ग्रामसेवक होते. आयुष्यभर जन्ममृत्यूची रजिस्टरं, घरपट्टीच्या पावत्या, ग्रामसभेची इतिवृत्तं. २०१८ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आणि शेवटचे इकडे आले. लंडन दाखवलं, राजवाडा दाखवला. छान आहे म्हणाले. खरे रमले ते आमच्या गावच्या चर्चच्या अंगणात. रोज सकाळी चहा झाला की तिथल्या बाकावर जाऊन बसायचे, थडग्यांवरची नावं आणि सालं वाचायचे आणि घरी येऊन सांगायचे, "त्या कोपऱ्यातल्या बाईची चार मुलं पाच वर्षांच्या आत गेली रे." कोण कुठली बाई, दीडशे वर्षांपूर्वीची.

म्हणून एका शनिवारी त्यांना आम्ही डर्बीशरमधल्या ईम या गावी घेऊन गेलो. स्पेलिंग बघून 'एयाम' वगैरे म्हणू नका, गाववाले हसतात. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतलं दगडी घरांचं गाव आणि मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च. अंगणात आठव्या शतकातला, सॅक्सन काळातला दगडी क्रॉस उभा आहे. दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे, ते जगातल्या दूरदूरच्या गावांची वेळही सांगतं. टाइमझोनच्या भानगडीने आम्ही रोज नोकरीत गांजतो, तिथे भिंतीवरच्या या दगडाने अडीचशे वर्षांपूर्वीच ते काम करून ठेवलंय. आणि क्रिकेटवाल्यांसाठी खास : हॅरी बॅगशॉ नावाचा डर्बीशरकडून खेळलेला आणि पुढे अंपायर झालेला खेळाडू इथे पुरलाय. १९२७ साली गेला. त्याच्या थडग्यावर चेंडूने उडालेल्या यष्ट्या कोरल्या आहेत आणि वर अंपायरचं बोट! बाबा या दगडापुढे दहा मिनिटं उभे होते. फोटोही काढून घेतला.

पण ईमला लोक जातात ते प्लेगसाठी.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. ईममधल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट होतं म्हणून ते शेकोटीपाशी वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवा जाग्या झाल्या, असं तिथे सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. ७ सप्टेंबर १६६५ ही त्याच्या दफनाची नोंद. त्यानंतर शेजारीपाजारी. हिवाळ्यात साथ थोडी ओसरली, आणि १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली.

त्या वेळी गावचा रेक्टर, म्हणजे पॅरिशचा मुख्य धर्मगुरू, होता विल्यम माँपेसन. विशीत असलेला तरुण, गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. गावाला तो फारसा आवडत नव्हता. त्याच्या आधीचा टॉमस स्टॅन्ली याला १६६२ च्या कायद्यानंतर नवीन प्रार्थनापुस्तक मानायला नकार दिल्यामुळे बाजूला व्हावं लागलं होतं. तो गावातच राहिला होता आणि लोक अजून त्याचंच ऐकत. म्हणजे एका गावात दोन पुजारी, एकमेकांचं पटत नाही, आणि गावात दोन तट. (आपल्या मंडळाच्या काही निवडणुका आठवल्या असतील तर तो योगायोग समजावा.) पण जून १६६६ मध्ये हे दोघं एकत्र बसले आणि त्यांनी गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. मेलेल्याला घरच्यांनी आपल्या परसात किंवा शेतात लवकरात लवकर पुरायचं, चर्चच्या अंगणात आणायचं नाही. चर्चला कुलूप लावायचं आणि प्रार्थना उघड्यावर, ककलेट डेल्फ नावाच्या खोलगट घळीत करायची, प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून अंतर ठेवून. आणि गावाच्या वेशीबाहेर कुणी जायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही.

आसपासची गावं वेशीवरच्या दगडापाशी धान्य आणून ठेवायची. दगडाला पाडलेल्या खळग्यांत व्हिनेगर आणि त्यात पैसे. चॅट्सवर्थचा अर्ल ऑफ डेव्हनशर मदत पाठवत होता. तो दगड अजून आहे. आमच्या मुलाने त्या खळग्यात एक पेनी टाकली आणि मग परत काढून घेतली.

ऑगस्ट सर्वांत वाईट गेला. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी खड्डे खणून पुरली. शेजारच्या स्टोनी मिडलटनची माणसं टेकडीवरून बघत होती आणि भीतीपोटी खाली येत नव्हती. माँपेसनने आपली दोन लहान मुलं आधीच यॉर्कशरला पाठवली होती. बायकोला, कॅथरीनला, जा म्हणाला, ती गेली नाही. २५ ऑगस्टला तीही वारली. तिचं थडगं चर्चच्या अंगणात आहे.

सगळेच काही संत नव्हते. मार्शल हाऊ नावाचा एक दांडगा इसम होता. त्याला प्लेग होऊन तो बरा झाला होता, आता आपल्याला काही होत नाही म्हणून लोकांची प्रेतं पुरायचं काम घ्यायचा आणि मजुरी म्हणून मेलेल्याच्या घरातल्या वस्तू उचलायचा. घरात त्याची बायको आणि मुलगा मात्र गेले. 'सगळ्या गावाने स्वखुशीने त्याग केला' ही कथाही नंतरच्या शतकांत बरीच घासूनपुसून चकचकीत केलेली आहे, असं इतिहासकार सांगतात. ज्यांच्याकडे पैसा आणि दुसरीकडे घर होतं त्यांतले काही आधीच निघून गेले होते. गरीब जाणार कुठे? त्यांना दुसऱ्या गावाने घेतलं असतं का? आम्हाला हा भाग महत्त्वाचा वाटतो. आयत्या वेळी तसं सगळेच घाबरलेले असतात, पण तरीही कुणीतरी नियम ठरवून दिले, ते बऱ्याच जणांनी पाळले, आणि साथ आसपासच्या खोऱ्यात तशी पसरली नाही.

माँपेसनचं पुढे काय झालं? १६६९ मध्ये तो नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंगला बदलून गेला, तर प्लेगच्या गावचा माणूस म्हणून तिथल्या लोकांनी त्याला सुरुवातीला गावात राहू दिलं नाही. रफर्डच्या जंगलात झोपडीत राहिला बिचारा. २०२० मध्ये आपल्यातले जे डॉक्टर आणि नर्स आहेत, त्यांना घरमालकांनी काय काय ऐकवलं ते त्यांनाच विचारा.

चर्चच्या आत, एका कपाटात प्लेगच्या वर्षांची नावं असलेली वही मांडली आहे. नाव, तारीख. नाव, तारीख. एकच आडनाव ओळीने चार-पाच वेळा. माँपेसनने नोव्हेंबर १६६६ मधल्या पत्रात हिशेब लिहिला आहे : ७६ कुटुंबांत रोग शिरला, २५९ माणसं गेली. बाबांनी चष्मा लावला आणि वही वाचू लागले. इंग्रजी त्यांचं बेताचंच, पण रजिस्टर कुठल्याही भाषेतलं असो, त्यांना कळायचं. बराच वेळ झाला म्हणून आम्ही घाई केली तर म्हणाले, "थांबा रे. रोज पाच-पाच माणसं मरतायत आणि हा नोंद करतोय. रात्री दिव्याखाली बसून करत असणार. आमच्याकडे चांगल्या दिवसांतही लोक दोन-दोन महिने नोंद करत नव्हते."

त्या नोंदींचा उपयोग अजून चालू आहे, हे आम्हाला नंतर कळलं. साथ कशी पसरते याचं गणित शिकवताना ईमचे आकडे पाठ्यपुस्तकांत येतात. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी याच नोंदी संगणकावर घालून निष्कर्ष काढला की तिथला सुमारे तीन चतुर्थांश प्रसार माणसाकडून माणसाला झाला होता, उंदरांच्या पिसवांकडून फक्त उरलेला. गावची वस्ती पूर्वी साडेतीनशे धरत असत, त्यांनी ती सातशेच्या आसपास धरली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा डेटा, एकही बॅकअप नाही, आणि अजून वाचता येतो! आमच्या कंपनीतला पाच वर्षांपूर्वीचा येत नाही.

परत येताना गाडीत बाबा पुण्याच्या प्लेगबद्दल बोलले. १८९७ चा. आपल्या डोक्यात त्याचं चित्र म्हणजे घरात घुसणारे गोरे शिपाई, रँड, २२ जूनची रात्र आणि चापेकर बंधू. हे खरंच आहे. पण त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या, हे बाबांनी आवर्जून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की नियम दोन्हीकडे सारखेच होते : रोग्याला वेगळं ठेवा, घरं मोकळी करा, वाहतूक थांबवा. ईममध्ये नियम सांगणारा गावात राहत होता आणि त्याची बायको त्याच नियमाखाली मेली. पुण्यात नियम बंदुकीच्या टोकावर आला. त्या वर्षीचा साथीच्या रोगांचा कायदा भारतात मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, तेव्हा बाबांनी फोनवर या बोलण्याची आठवण करून दिली होती.

ईमचं चर्च आजही चालू आहे. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथून लोक निघतात आणि ककलेट डेल्फमध्ये उघड्यावर प्रार्थना करतात. आत १९८५ मध्ये बसवलेली प्लेगच्या कथेची रंगीत काचेची खिडकी आहे. पण ईम प्रसिद्ध आहे, तिथे सहलीच्या बस येतात. आपल्या शाळेच्या गावच्या चर्चमध्ये बस येत नाही. तिथे काय चालतं ते आता सांगतो.

तिथल्या व्हिकर, बाई आहेत, पाच गावं सांभाळतात. रविवारी आमच्या चर्चमध्ये पंचवीसेक डोकी असतात, बहुतेक पांढरी. पण सोमवार ते शनिवार बघा. मंगळवारी आया आणि रांगती मुलं. बुधवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा चहा. दारापाशी फूडबँकेची पेटी, आणि ती हल्ली फार लवकर रिकामी होते. निवडणुकीला मतदान तिथेच. शनिवारी आपली पोरं तिथे 'क्ष' आणि 'ज्ञ' गिरवतात, आणि खडूचे डाग पुसायचं आपण विसरतो तेव्हा कुणीतरी ते पुसून ठेवतं. मार्च २०२० मध्ये चर्चची दारंच बंद झाली, व्हिकरनासुद्धा आत जायला मनाई होती. तरी चर्चच्या वॉर्डनबाईंनी गावातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांची यादी काढली आणि औषधं पोचवायला आमच्यासारखी तरुण घरं वाटून दिली. आमच्या वाट्याला अकरा घरं आली होती. गावात आमची ओळख झाली ती त्या अकरा घरांमुळे.

एक कायदेशीर गंमत सांगतो. हे चर्चवॉर्डन दरवर्षी निवडले जातात, आणि त्या सभेत पॅरिशमधल्या स्थानिक मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही मत देता येतं. धर्म विचारत नाहीत. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या आपल्या लोकांचं नाव त्या यादीत लागू शकतं. तसंच, अंगणात जागा असेल तर पॅरिशमध्ये राहणाऱ्या कोणालाही तिथे दफनाचा हक्क आहे. आपण दहन करणारे, तो हक्क वापरणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आता काकांच्या प्रश्नाकडे, त्यांना काय कमी आहे. इंग्लंडच्या चर्चकडे एकूण मालमत्ता पुष्कळ आहे, यात वाद नाही. पण गावच्या चर्चचं छप्पर गळलं तर पैसे गावाने उभे करायचे अशी रीत आहे. देशभरात या चर्चच्या सुमारे १६,००० इमारती, त्यांतल्या १२,००० हून जास्त ऐतिहासिक वारसा म्हणून यादीत. म्हणजे स्वस्तातला पत्रा टाकून मोकळं होता येत नाही, मूळ पद्धतीनेच काम करायला लागतं. दुरुस्तीवरचा व्हॅट २००१ पासून सरकारी योजनेतून परत मिळायचा, २०२५ मध्ये त्याला एका इमारतीला वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली. आणि आमच्या चर्चचं छप्पर गळत नव्हतंच मुळी. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका रात्री चोरांनी उत्तरेच्या बाजूचं शिसं सोलून नेलं. भंगारात विकायला. सकाळी पाऊस. ऑर्गनवर ताडपत्री टाकली, ती अजून तशीच आहे, आणि बाकांमध्ये निळ्या बादल्या. विम्याने थोडं दिलं, बाकीचं जमवायचंय.

शेवटची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर आमचं घरी बरंच बोलणं झालं.

एप्रिल २०२१. पुण्यात दुसरी लाट. बाबांना आधी ताप, मग ऑक्सिजन, बेडसाठी भावाची धावाधाव. २३ एप्रिलपासून भारत इथल्या लाल यादीत गेला. विमानं रद्द होत होती, घरात तीन वर्षांचा मुलगा. जायचं कसं याची आकडेमोड आम्ही करत होतो तेवढ्यात भावाचा फोन आला. अंत्यसंस्कार त्याच रात्री. भाऊ एकटा, अंगावर तो पांढरा पोशाख, हातात टोकन. तिथे रात्रीचे साडेनऊ, इथे संध्याकाळचे पाच, लख्ख ऊन. शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापत होतं.

आमच्याकडे ना माणसं, ना गुरुजी. चार खांदे सोडाच, एक दार वाजवून आत येणारा माणूस नाही, कारण यायला परवानगीच नव्हती. वॉर्डनबाईंना कळलं. त्या फाटकापाशी लांब उभ्या राहिल्या आणि फक्त एवढंच विचारलं, किती वाजता? मग चर्चची किल्ली भिंतीवर ठेवून गेल्या. त्या काळात एकट्यादुकट्याने शांत बसण्यापुरतं चर्च उघडायला मुभा होती. आम्ही तिघं जाऊन बसलो. पण भिंती तीन फूट जाड, आत फोनला रेंजच नाही! म्हणून बाहेर ओसरीच्या दगडी बाकावर येऊन बसलो आणि तिथे त्या चार इंचांच्या पडद्यावर बाबांना शेवटचं पाहिलं. समोर त्यांचं ते बाक. मुलगा पणतीतलं तेल सांडत होता. वॉर्डनबाई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठमोऱ्या, थडग्यांवरची वाळकी फुलं उचलत होत्या. आम्ही निघेपर्यंत त्या तिथेच होत्या. आमचं दिसणार नाही आणि आम्ही एकटेही पडणार नाही, इतक्या अंतरावर.

नोव्हेंबरमध्ये या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. त्या विचारायला आल्या, तुमच्या वडिलांचं नाव घातलं तर चालेल का? आम्ही म्हटलं, ते ख्रिस्ती नव्हते, आणि या गावचेही नव्हते. त्या म्हणाल्या, "त्या बाकावर रोज बसायचे की."

आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. एकोणीस नावं होती. तेरावं बाबांचं. त्यात दोन जोडाक्षरं आहेत, तेव्हा त्याचं काय झालं असेल याची कल्पना तुम्हाला आहेच. व्हिकर अडखळल्या, थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. दुसऱ्या वेळेला जवळजवळ बरोबर. त्या नावांची वही चर्चमध्ये दाराजवळ काचेच्या पेटीत असते. गेल्या हिवाळ्यात पेटी तिथून हलवायला लागली, कारण वर ठिबकत होतं.

काका, मारुतीच्या पत्र्यासाठी आम्ही वेगळे पैसे देणार आहोत, तुमच्याकडे आजच देतो.

बाकी सूचना : टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. इथे आयकर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा छोटा फॉर्म भरावा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. नोव्हेंबरच्या यादीसाठी ज्यांना कुणाचं नाव द्यायचं असेल त्यांनी ते कागदावर लिहून ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत शाळेत आणून द्यावं. नाव कसं उच्चारायचं तेही शेजारी फोड करून लिहा. व्हिकरबाईंनी मुद्दाम सांगितलंय, त्या आधी घरी म्हणून बघतात.

चला, वडे गार होतायत.